तिसरी चकती

गुरु., ६ नोव्हें.
कंपनीला गुरुवारची सुट्टी. भंडारा डोंगर. शेवटचा चढ पुन्हा चालत, सायकल हातात धरून. दर गुरुवारची जोडीदारीण मंगलताई वर पोचून, पाया पडून, उतरताना वाटेत भेटली.
"गुडगा का?"
"गुडघा."
तिच्या सायकलीला पुढे, पायडलपाशी, तीन दातेरी चकत्या, माझ्या रेसरला दोन. तिची सगळ्यात बारकी चकती असल्या चढासाठीच असते, पाय हलके फिरतात. माझे रेटावे लागतात. डॉक्टर म्हणतात सायकल सोडा. त्यांचं काय जातंय सांगायला.
नवी सायकल शक्य नाही. मिलिंद आधीच म्हणतो, आपल्या घरात नवऱ्यापेक्षा टायरची विचारपूस जास्त होते. पण आहे त्याच सायकलीला तिसरी चकती बसवता आली तर?

शनि., ८ नोव्हें.
कामावरून परस्पर पिंपरी कॅम्प. रफिकभाईचं दुकान. सायकल उलटी करून चाक फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, सब बदलना पडेगा." चेनव्हील म्हणजे चकत्यांचा संच, तो ज्यावर फिरतो तो आतला दांडा, चेन सरकवणारा पुढचा डिरेलर, तसाच मागचा डिरेलर, हँडलवरचा गिअर, चेन. एकेक नाव घेताना नजर माझ्या तोंडाकडे. माल किती खपेल याचा अंदाज घेत होता. मी दिवसभर गिअरचे दाते तपासते, समोर आलेला माल खोटा आहे असं धरूनच. ही सवय गेटवर ठेवून येता येत नाही.
"बघते," म्हणून निघाले. त्यानंही थांबवलं नाही. तेही संशयास्पदच.

सोम., १० नोव्हें.
जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचलं. रफिकभाई निम्मा खरा. तीन चकत्यांचं चेनव्हील आणि थोडा लांब आतला दांडा लागणारच. पुढचा डिरेलर जुना चालेल. हँडलवरचा गिअर बदलायचा नाही. जुन्या सायकलींना खालच्या नळीवर गिअरची साधी दांडी असायची, टकटक न करता हवी तिथं थांबणारी, ती पुढच्या चकत्यांना पुरते. मागचा डिरेलरही राहू दे, फक्त पुढे बारकी चकती असताना मागे लहान चकत्यांवर जायचं नाही, चेन लोंबते. म्हणजे सहापैकी तीन वस्तू तो मला उगाच चिकटवत होता. किंवा त्याला काम नीट करायचं होतं. कोण जाणे.
अडलंय चेनव्हीलवर. नवं फार महाग.

बुध., १२ नोव्हें.
संध्याकाळी मं.ता. दारात, हातात प्लास्टिकची पिशवी. आत तीन चकत्यांचं चेनव्हील! दाते जवळजवळ कोरे. दोन्ही बाजूंचे पायडलचे दांडे सुद्धा.
"सागरनं दिलं. म्हणला, पडून हाय."
सागर तिचा भाचा. बहीण गेल्यावर तिनंच वाढवला. आता तिशीचा, भंगाराच्या गाळ्यावर कामाला. पैसे विचारले तर म्हणाली, "न्हाई म्हणला. तू आमाला मिसळ खाऊ घाल."
इतकी चांगली वस्तू फुकट? आनंद झालाच. पण पिशवी आत ठेवताना मनात आलं, फुकट का.

शनि., १५ नोव्हें.
रफिकभाईकडे बसवून घेतलं. माझ्या यादीप्रमाणे, त्याच्या नाही. तोंड वाकडं केलं, पण काम चोख. आतला लांब दांडा घातला, खालच्या नळीवर गिअरची जुनी दांडी लावली. मग डाव्या पायडलचा दांडा हातात घेऊन थांबला. आतल्या बाजूवर अंगठा फिरवत राहिला.
"ये किसका है, मॅडम?"
"का?"
"कुछ लिखा था इधर. किसी ने रेती मारी है."
बघितलं. बोटाच्या पेराएवढी जागा, कानशीनं घासलेली. बाकी सगळा दांडा गुळगुळीत. रोज दात्यांवरचे ओरखडे शोधणाऱ्या बाईला तीन दिवसांत हे दिसलं नाही. की दिसूनही...
"लगाऊ?" तो म्हणाला.
लाव म्हटलं.

रवि., १६ नोव्हें.
मिलिंदला दाखवलं. चष्मा लावून बघितलं त्यानं. "कंपनीचा छाप घासला असेल, काय त्यात." छाप बाहेरच्या बाजूला शाबूत आहे, म्हटलं. "मग विचार मंगलताईला." एवढं सोपं असतं तर. विचारायचं म्हणजे भाचा चोर आहे का, हेच विचारायचं. दुसरे कुठलेही शब्द वापरले तरी.

मंगळ., १८ नोव्हें.
आजच नेमकं. कंपनीच्या बसमध्ये डिस्पॅचचा जाधव शेजारी बसला. लातूरकडचा, चाकणला खोली करून राहतो. सायकलीच्या गप्पा निघाल्या. मी म्हटलं, तिसरी चकती बसवली. त्याचा चेहराच पडला.
"माझी बी तीन चकत्यांचीच होती की, मॅडम."
विसरले होते. पावसाळ्याआधी त्याची सायकल कंपनीच्या स्टँडवरून गेली. त्या वेळी तो आठवडाभर कुणाशी बोलत नव्हता. कॅमेऱ्यात काही आलं नाही, सिक्युरिटीनं हात वर केले.
"नाव बी कोरलं होतं म्या. तरी नेली."
"कशावर?"
"सायकलीवर. दुसरं कशावर कोरणार?"
खिडकीबाहेर बघत बसले.

गुरु., २० नोव्हें.
भंडारा. पूर्ण वर! न उतरता, न थांबता. दांडी ओढली, चेन बारक्या चकतीवर बसली आणि पाय असे फिरले की गुडघ्याची आठवणच राहिली नाही. वर पोचून ओरडले. मं.ता.नं कडकडून मिठी मारली. इंद्रायणीकाठची शेतं, पलीकडे चाकणच्या कारखान्यांचे पत्रे चमकत होते. कितीतरी वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.
मग उतारावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "सागरला कुठं मिळालं हो हे?"
"गाळ्यावर आलं आसंल. का गं?"
"असंच."
एरवी उतारावर गाणं म्हणते, आज म्हटलं नाही. मला वाटलं, तिला माहीत आहे. मग वाटलं, तिला माझा रोख कळला, बस्स. आणि मग आपण कुणाच्या वस्तूवर बसून वर आलो, हा विचार. खाली येईपर्यंत तोच.

शनि., २२ नोव्हें.
जाधवला त्याच्या जुन्या सायकलीचा फोटो मागितला. कशाला, म्हणाला. मैत्रिणीला घ्यायची आहे तसलीच, म्हटलं. थाप. फोटो आला: सायकल भिंतीला टेकवलेली, उजवी बाजू पुढं. चेनव्हील काळं, तीन चकत्यांचं. माझं पण काळं. पण अशी काळी चेनव्हीलं पिंपरी-चिंचवडात शेकड्यानं असतील. घासलेली जागा डाव्या दांड्याच्या आत. फोटोत ती दिसायची सोयच नाही.

रवि., २३ नोव्हें.
दापोडी. आईकडे. काही न सांगता बसले होते, पण तिला कळतं. शेवटी सगळं सांगितलं. आई ज्वारीची भाकरी थापत होती. म्हणाली, "तुझ्या बापाला गेटवर उभं केलं होतं, ठाऊक आहे ना?"
ठाऊक आहे. पितळेचा कीस चोरला म्हणून. डबा उपडा केला, पँटचे खिसे उलटे केले, सुटणाऱ्या सगळ्या शिफ्टसमोर. नंतर कीस स्टोअरच्या मागं सापडला. कुणी येऊन चुकलं म्हणालं नाही. बाबा त्या दिवसापासून डबा न्यायचे बंद झाले, कागदात भाकरी बांधून न्यायचे. मी लहान होते, मला वाटायचं त्यांना कागदातली आवडते.
"पण जाधवची सायकल खरंच गेलीय ना, आई," मी म्हटलं.
"ते पण आहे," म्हणाली. भाकरी उलटली.

मंगळ., २५ नोव्हें.
राहवलं नाही. नको होतं करायला. दांड्याचा फोटो जाधवला दाखवला. मोबाइल डोळ्याजवळ नेऊन बघितला, आणि लगेच, "हेच! हितंच कोरलं होतं म्या!"
"तू तर सायकलीवर म्हणालास."
"दांडा म्हंजे सायकलच की, मॅडम."
इतक्या लगेच कसं ओळखलं? की इतके महिने ओळखायला काहीतरी शोधतच होता? त्याचे डोळे भरले होते. सायकल आल्यावर दारू सोडून तो सकाळी फिरायला जायचा, हे त्याच्याच तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं. गेल्यापासून पुन्हा सुरू का, हे विचारलं नाही.
"कोणी दिलं तुमाला? नाव सांगा."
नाही सांगितलं. दोन दिवस दे म्हटलं. आता त्याला माझाच संशय. बरोबर आहे त्याचं.

गुरु., २७ नोव्हें.
डोंगरावर गेलो नाही. मं.ता.च्या घरी, रहाटणीत. अंगणात मेथी निवडत होती. सरळ सांगितलं सगळं. घासलेली जागा, जाधव, सगळं. ती निवडतच राहिली. मेथी संपली तरी हात चालूच.
"तुला कुणी सांगितलं इचारायला?"
"कुणी नाही."
"मग का इचारलंस?"
एक माणूस सायकलीसाठी रडला, म्हटलं.
"माजा सागर चोर न्हाई." मोठ्यानं म्हणाली. मग हळू, माझ्याकडे न बघता, "लहानपणी एकदा घड्याळ आनलं हुतं कुनाचं. म्या मारलं. परत दिऊन आला. त्यानंतर कदी न्हाई."
हे तिनं मला का सांगितलं? मी मागितलं नव्हतं. निघताना तिनं दारापर्यंत सोडलं नाही. ओळख झाल्यापासून पहिल्यांदा.

सोम., १ डिसें.
मं.ता.चा फोन. आवाज बसलेला. तिनं सागरला विचारलं. तो भडकला नाही, ओरडला नाही. "मावशी, तू पण?" एवढंच म्हणाला. सकाळी उठून बघते तर खोलीत नाही. गाळ्यावर नाही. फोन बंद.
"पळाला म्हणत्यात लोक," ती म्हणाली. "पळाला न्हाई. रुसला."
हो म्हटलं. हो म्हणताना मला स्वतःलाच ऐकू येत होतं की मी हो म्हणतेय.

मिलिंद म्हणतो, चोरी केली असती तर फुकट कशाला देईल, विकलं असतं. मलाही तसं वाटतं. मग वाटतं, विकायला गेलं की कुणीतरी विचारतं. मावशीच्या मैत्रिणीला दिलं तर कोण विचारणार?
मी विचारलं.

बुध., ३ डिसें.
जाधव कँटीनमध्ये माझ्या टेबलावर येऊन बसला. चहा घेतला नाही. म्हणाला, "रातभर इचार केला. म्या नाव दांड्यावर कोरलं का चौकटीवर, आता ध्यानातच येईना. तवा दारू सुटली नव्हती, पिऊन हुतो, मॅडम. खरं सांगतो."
"मग त्या दिवशी हेच म्हणालास?"
"वाटलं तसं. अजून बी वाटतंय. पर शपथ घ्या म्हणलं तर न्हाई घ्यायचो."
राग आला. त्याच्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर. त्याच्या अर्ध्या आठवणीवर मी एक घर हलवलं. चेनव्हील काढून तुला देऊ का, विचारलं. नको म्हणाला. "माझं नसंल तर? मग मीच चोर की."

शनि., ६ डिसें.
सागर अजून नाही. मं.ता. त्याच्या मित्रांकडे जाऊन आली, मोशीला, भोसरीला. कुणाला माहीत नाही, किंवा सांगत नाहीत.
रफिकभाईकडे गेले. चेनव्हील काढ म्हटलं, जुन्या दोन चकत्या परत लाव. त्यानं पाना उचलला आणि खाली ठेवला. "सोच लो, मॅडम. परेशान लग रहे हो." विचार करते म्हणून सायकल तशीच घरी आणली. जिन्यात लावली. येताजाता नजर डाव्या दांड्यावर जाते. इथं कुणाचं नाव होतं? किंवा नाव नव्हतंच, जुनी किंमत झाकून जास्त सांगायला कुणी दुकानदारानं खरडलेलं असेल. सागरनं स्वतः घासलं असेल का? घासताना त्याला माहीत होतं का काही? माझ्या डोक्यात घासणारा माणूस रोज वेगळा दिसतो.

सोम., ८ डिसें.
मं.ता.ला भेटून माफी मागायला गेले होते. दार उघडलं, आत ये म्हणाली. चहा केला. माफी मागू दिली नाही, हातानंच थांबवलं.
"माफी कशाची? तुला खोटं वाटलं, तू बोललीस. मला खरं वाटत हुतं तरी म्या त्याला इचारलं. ते कुनाच्या माथ्यावर टाकू?"
मी चेनव्हील काढून टाकते, म्हटलं. जाधव घेत नाही, तर तुमच्याकडे ठेवा.
कप खाली ठेवला तिनं.
"काडू नगंस. त्यो येईस्तवर तुज्याच सायकलीला ऱ्हाऊ दे. काडलंस, तर म्या समजीन तू ठरवलंस त्यानं चोरलं."
"आणि ठेवलं तर?"
"तर अजून ठरवलं न्हाई."

गुरु., ११ डिसें.
सकाळी मं.ता. खाली येऊन घंटी वाजवत उभी. मी नको नको म्हणत गेले. थंडी बोचरी. इंदोरीच्या पुढं चढ लागला, ती मागं, मी पुढं. मधल्या चकतीवरच रेटत राहिले. दांडीला हात लावावासा वाटेना. गुडघ्यात कळ सुरू झाली, मग पाय थांबायला आले. आता उतरावं आणि चालावं, असं ठरवतच होते.
मागून तिचा आवाज, धाप लागलेला, चिडलेला:
"आगं टाक की बारक्या चकतीवर!"
टाकली. चेन घसरली, खरखरली, बसली.
वर पोचलो दोघी. कठड्यावर बसलो. तिनं फोन काढला, नंबर लावला, कानाला धरला. बंदच असणार. तरी बराच वेळ कानाला लावून होती. मग पदरानं काच पुसली आणि फोन मांडीवर ठेवला, वाजला तर लगेच दिसेल असा.