टायगरला लावलेलं तेल

६ एप्रिल, सोम.
आमटीत पुन्हा केस. पांढरा. माझाही पांढराच, पण हा टायगरचा, नातीच्या पामेरियनचा. नात सायली नोकरीला बंगळूरला, कुत्रं आमच्या डोक्यावर. सून वैशाली म्हणाली, "आई, रविवारी याचे केस कापून घ्या, नाहीतर शीळफाट्याला माझ्या भावाच्या गोदामात नेऊन बांधते." म्हटलं, बांध. मला काय.

७, मंगळ.
कुत्र्यांचा न्हावी वागळे इस्टेटहून गाडी घेऊन येणार. फोनवर मलाच शिकवतो, "आजी, आधी अंडरकोट विंचरून काढा. गुठळी दिसली तर मी मशीन लावणार नाही." अंडरकोट म्हणे! वरच्या केसाखालची लव, असं बोल की रे. तीन पोरींच्या वेण्या घातल्यात मी, उवांसकट.

८, बुध.
गुंता म्हटला की तेल. वाटीभर खोबरेल जिरवलं, पार मुळापर्यंत. मेल्यानं डोळे मिटून चोळून घेतलं. मग उठला आणि बाल्कनीच्या धुळीत लोळला.

९, गुरु.
लव सगळी आत चिकटून बसली. हाताला भिजलेली गोधडी लागते. फणी जाईना. न्हाव्याला कळवलं. "तेल? आजी, मशीन बंद पडेल माझं!" सायलीला लावला फोन, तर ती हसतच सुटली. म्हटलं, हस बाई. गोदामातला फोटो पाठवते, तेव्हाही हस. मग म्हणाली, कॉर्नफ्लॉवर चोळ, तेल ओढून घेईल. आंघोळ नको हां आजी, गुठळ्या अजून आवळतील.

११, शनि.
दोन पुडे पीठ गेलं. त्याची पाठ सुटली. केस बाजूला सारायचे, कातडी दिसेस्तोवर, आणि ओळीनं विंचरायचं. पिशवीभर लव निघाली, कुत्रं निम्मं झालं. कानामागे ओढलं तर गुरगुरला. मीही गुरगुरले. कंबर गेली. देवापुढे एवढी वाकले असते तर...

१२, रवि. दुपार
पोट झालं, मांड्या झाल्या. शेपटीला हात लावू देत नाही. वै. दारात येऊन उभी. चारला न्हावी, पाचला तिचा भाऊ, दोघांना बोलावून ठेवलंय बाईनं.
"शेपटी राहिली की, आई."
"डोळे आहेत मला."
"धरू का त्याला?"
म्हटलं, तू आपली भावाला धर. गेली आत.
पावणेचार झाले. मी लिहीत काय बसलेय.