दहा पस्तीस ते दहा पन्नास

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५. सकाळचे ११.४०
कृषी केंद्रात युरियाच्या पावत्या लिहीत होतो. अक्षय दारातूनच म्हणाला, "काय बे गोपाल, वाचनालयात कोणते पिक्चर पाहून राह्यला?" दोन गिऱ्हाइकं हसली. मला वाटलं, त्याची नेहमीची मस्करी. मालकांना सांगून धावत गेलो. वाचनालयाच्या फळ्यावर, सुविचाराच्या जागी, माझं पूर्ण नाव — वडिलांच्या नावासकट! 'इंटरनेटचा गैरवापर. तीस दिवस बंदी.'

काल सकाळी वाचनालयात दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर मी होतो. माझ्यानंतर शोभाताईंनी, म्हणजे आमच्या ग्रंथपालांनी, सातवीच्या दोन मुलींना तिथे बसवलं. स्क्रीन चालू केली तर घाणेरडी चित्रं आणि पत्त्यांच्या जुगाराची पानं. एक बंद केलं की दुसरं. रजिस्टर पाहिलं. त्यात नाव माझं.

मी असलं काही पाहिलेलं नाही. मी सतरा नंबरचा फॉर्म भरत होतो, बारावी बाहेरून द्यायचा. अकरावीतच कॉलेज सोडलं हे दुकानात कोणाला माहीत नाही. सगळे मला बारावी पास समजतात, मालकसुद्धा. म्हणून रजिस्टरात 'काम' या रकान्यात 'बातम्या वाचणे' लिहिलं. तेवढं खोटं. बाकी काही नाही.

फॉर्म नीट भरला. नाव तीनदा तपासलं. साइटने जे जे विचारलं त्याला 'अलाऊ' दाबलं, एक रकाना रिकामा ठेवला नाही. मोबाइलवरून सहाशे तीस रुपये भरले. पावती काही दिवसांनी निघेल असं आलं. तिची प्रिंट घेऊन तीस तारखेच्या आत कळंबच्या कॉलेजात जायचं आहे. माझ्या मोबाइलवर ती साइट धड उघडत नाही. स्क्रीन फुटलेली आहे, त्यामुळेच असेल. आणि वाचनालयात बंदी! म्हणजे हेही वर्ष गेलं.

बुधवार, १०
शोभाताईंकडे गेलो. ठरवलं होतं, आवाज चढवायचा नाही. चढला.
त्या मात्र हळूच बोलल्या. "पोरींसमोर उघडलं ते, गोपाल. त्यांच्या मायबापाले मी काय सांगू? तूच सांग, काय पाहत होता?"
बातम्या, मी म्हणालो.
"फॉर्म-बिर्म तर नाही ना भरला कोणता?"
चार माणसं पेपर वाचत होती. सगळ्यांनी पेपर खाली केले. मी म्हणालो, नाही.
भिंतीवर नियम लिहिलेले आहेत. सहावा: कोणताही फॉर्म भरण्याआधी साइट ताईंना दाखवावी. मी काय लहान मूल आहे? दुकानाची सगळी बिलं मी लिहितो. आजवर एक आकडा चुकलेला नाही.

गुरुवार, ११
सापडलं!
आमच्याकडे मशीनवर बसतानाच येण्याची आणि जाण्याची, दोन्ही वेळा लिहून टाकतात. पाऊण तास ठरलेला, उठताना पुन्हा रजिस्टर कोण शोधणार? मी लिहिलं १०.०५ ते १०.५०. पण मालकांचा फोन आला आणि मी १०.३५ लाच उठलो. गडबडीत मशीन चालूच राहिली. म्हणजे पंधरा मिनिटं माझ्या नावावर दुसराच कोणीतरी बसला.
शेजारच्या खुर्चीवर कोण होता? अक्षय! आणि दुकानात येऊन सगळ्यांत आधी हसला कोण? अक्षय!
वाचनालयाच्या अध्यक्षांना अर्ज लिहिला. कच्चा, मग पक्का, मग आणखी पक्का.

शुक्रवार, १२
अध्यक्ष मारोतरावांनी अर्ज उभ्यानेच वाचला. म्हणाले, अक्षर चांगलं आहे.

रविवार, १४
बैठक झाली. अक्षयला बोलावलं होतं. बसला होतास का, असं मारोतरावांनी विचारलं. नाही म्हणाला असता तर माझ्याकडे काय पुरावा होता? पण तो म्हणाला, "बसलो होतो ना. पाच मिनिटं. पोलीस भरतीच्या ग्राउंडची तारीख पाहाले." मग ती चित्रं? "आपोआप येऊन राह्यली होती. मी घाबरलो, स्क्रीन बंद केली अन् उठलो."
आपोआप! मारोतराव हसले. मीही हसलो.
माझी बंदी उठली. तीच तीस दिवसांची अक्षयला लागली, उद्यापासून. त्याला अभ्यासिकेतही बसता येणार नाही. रोज सकाळी सहाला सगळ्यांत आधी तोच येतो. घरी एकच खोली, त्यात पाच माणसं. ते त्याने आधी बघायचं होतं.
दारात मला म्हणाला, "अर्ज मस्त लिहिला बे. वकील होऊन जा." नेहमीसारखा हसला नाही.
मला वाईट वाटलेलं नाही. फळ्यावर सहा दिवस माझ्या वडिलांचं नाव होतं.

मंगळवार, १६
प्रिंट काढायला बसलो. साइट उघडली आणि कोपऱ्यातून पुन्हा तीच चित्रं! कोणी पाहायच्या आत झटपट बंद केली. अक्षयने मशीन पार नासवून ठेवली आहे. शोभाताईंना सांगणार होतो, पण पुन्हा माझ्यावरच यायचं.
पावती निघाली. वर माझा फोटो, खाली शिक्का. घडी न घालता फाइलमध्ये ठेवली.

गुरुवार, १८. दुपारचे ३.१५, कळंबच्या बसस्टँडवर
कॉलेजच्या क्लार्कने पावती उलटसुलट केली. "हे बोर्डाचं नाही, भाऊ." मी भांडलो. फोटो दाखवला, शिक्का दाखवला. त्याने पावतीवरचा साइटचा पत्ता त्याच्या मशीनवर टाकला. माझाच फॉर्म उघडला, तसाच. मग खालून 'अलाऊ' आलं. मी दाबलं होतं तेच. त्याने दाबलं.
थोड्या वेळाने चित्रं आली. एकावर एक. त्याच्या मशीनवर अक्षय कधी बसला नव्हता.
"रोज दोन-तीन येतात असे," तो म्हणाला. "बोर्डाच्या साइटवर पुन्हा भरा. तारीख आहे अजून. भरायच्या आधी कोणाला दाखवत जा ना."

मारोतरावांना दुसरा अर्ज इथेच बाकावर लिहिला, पावतीच्या मागे. त्यात सतरा नंबरही लिहिला, बातम्याही. पक्का केला नाही. पक्का करायला बसलो तर जाणार नाही.

खर्च: खोट्या साइटला ६३०. बस, जाऊन-येऊन ८०. प्रिंट २.
देणं: अक्षयचे चार दिवस. उद्या सहाच्या आत अर्ज दिला नाही तर पाच.