सोनगीरच्या शेतातलं भरीत

१ जानेवारी, बुधवार
काल रिटायर झालो. बियाणं कंपनीत रीजनल मॅनेजर, निम्मं आयुष्य टूरवर. मुद्दा असा आहे की, एवढी वर्षं घरच्यांना आणि जुन्या मित्रांना मी मिळालोच नाही. किती सोसलं असेल त्यांनी! आता भरपाई. संकल्प : फॅमिलीला रोज वेळ. मित्रांना दर महिन्याला.
सौ.ला सांगितलं, आता मी दिवसभर घरीच. तिचं लाटणं थांबलं. "रोज?" म्हणाली. बिचारीचा विश्वासच बसेना.

३ जानेवारी, शुक्रवार
धुळ्याला चुडामणला फोन. कॉलेजच्या होस्टेलमधला रूम पार्टनर. म्हटलं, "ओळख पाहू कोण?" मग हळूच, "लीलाधर का?" आवाज भरून आला होता. कामात आहे, नंतर करतो म्हणाला.
मग सोनगीरला मगन. आमच्याच खोलीतला. शेती करतो. त्याची बायको म्हणाली, आंघोळीला गेलेत. दुपारी केला. आंघोळ. संध्याकाळी केला. आंघोळच. होस्टेलात पारोसा फिरायचा, आता सुधारलाय. वळण माझंच. बोलताना 'शे' म्हणायचा, तर मी भर मेसमध्ये त्याला उभं करून 'आहे, आहे' म्हणायला लावायचो. सगळी मेस हसायची. मगन खाली बघायचा. काय दिवस होते!

८ जानेवारी, बुधवार
नवी पद्धत सुरू. जेवताना मोबाइल बंद. मुलगा राजदीप, सून सपना, नात रिद्धी, सौ., प्रत्येकाने आज आपलं काय चुकलं ते सांगायचं. मी उपाय सुचवायचे. कोणीच काही बोललं नाही. मग मीच सगळ्यांचं सांगितलं. घरात इतकी शांतता पूर्वी नव्हती.
राजदीपला हल्ली ऑफिसात जास्त काम असतं. सपना मेहरूण तलावावर सकाळीही फिरायला जाते आणि संध्याकाळीही. माझं पाहून तब्येतीकडे लक्ष देऊ लागली.

१६ जानेवारी, गुरुवार
मुलगी मयुरी धुळ्याला दिलेली. रविवारी तिच्याकडे हळदीकुंकू. सौ., सपना, रिद्धी जाणार. म्हटलं, मीही येतो. सौ. म्हणाली, बायकांचं असतं ते. मग राजदीप कशाला? तर गाडी चालवायला. पटलं.
पण डोक्यात आयडिया आली. आपण मागून एसटीने जायचं आणि थेट चुडामणच्या दारात उभं राहायचं. सरप्राइज! घरचेही धुळ्यातच, संध्याकाळी त्यांनाही तिकडे बोलावू. भरताची हिरवी वांगी पिशवीभर घेतली. धुळ्यात असली कुठली?

१९ जानेवारी, रविवार
चुडामणच्या घराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "सोनगीरला गेले ना सगळे, मगनभाऊंच्या शेतात. भरीत पार्टी. दरवर्षी असते." तडक सोनगीर. मुद्दा असा आहे की, माझ्या रिटायरमेंटची पार्टी असणार हे मी लगेच ओळखलं.
बांधावरूनच हसण्याचा आवाज. मगन, चुडामण, त्यांच्या बायका. आणि मधोमध आमची सौ.! राजदीप, सपना, मयुरी, रिद्धीसुद्धा. सौ. पोट पुढे काढून, चष्मा नाकावर ओढून कोणातरी शहाण्याची नक्कल करत होती. "मुद्दा असा आहे की, पाणीसुद्धा तुम्हाला नीट पिता येत नाही!" लोक पोट धरून लोळत होते. असली माणसं असतात. मीही मोठ्याने हसलो.
सगळे वळले.
रिद्धी म्हणाली, "आजी, आजोबांना कोणी सांगितलं?"
शेवटी मगन म्हणाला, "ये भो, बस. बठ्ठा घरनाच शेतस." अजून 'शेतस' म्हणतो. 'सगळे घरचेच आहेत' असं दुरुस्त केलं. जेवताना भरतात तेल जास्त, पुरी जाड, हेही सांगितलं. मंडळी भराभर उठली. पोटं भरली असतील.
राजदीपने मला गाडीने आणलं. सौ. मयुरीकडे थांबली.

२१ जानेवारी, मंगळवार
सौ.ला फोन. कधी येतेस? म्हणाली, बघू. विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणाली, "नाही हो. फार बरं वाटतंय." मग राहिलीस कशाला, विचारलं. म्हणाली, "म्हणूनच."
कोड्यात बोलते. वयाचा परिणाम.

२३ जानेवारी, गुरुवार
मगनचा फोन! आपणहून! म्हटलं, बघा, शेवटी मैत्री ती मैत्री.
म्हणाला, "लीलाधर, पुढच्या वर्षी तू येऊ नको. वहिनींना आम्ही बोलवू. एवढी वर्षं बोलावतोच आहोत."
म्हटलं, मी नको म्हणजे? कारण?
म्हणाला, "त्या हसतात तेव्हा फार बऱ्या दिसतात, भो. तू पाहिलंय कधी?"
म्हटलं, म्हणजे काय? माझीच बायको आहे.
फोन ठेवला. मग आठवायला बसलो. लग्न, मुलांची बारशी, मयुरीचं लग्न, सगळं आठवून पाहिलं. हसताना काही दिसेना.
दिसली ती फक्त रविवारची. शेतात. चष्मा नाकावर ओढून.
चष्मा माझा होता. जुना.