दर तीन तासांनी

घाटकोपर,
गुरुवार

प्रिय आई,

काल सुयोग तुला बोरिवलीला सोडून आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. ओट्यावर तू धुतलेला पंचा होता आणि त्यावर काहीच नव्हतं. तीन महिने त्यावर पंपाच्या बाटल्या आणि फनेल उपडी घातलेली असायची, तू उकळून, चिमट्याने उचलून, ओळीने मांडलेली. आता मृणाल अंगावरच पिते, पंप लागत नाही, म्हणून तर तू निघालीस. तरी मला चुकल्यासारखं झालं. ती बरी आहे. आज तीन किलो शंभर भरली. सुयोग म्हणतो, वजनकाटा आता मला परत करू दे, नाहीतर तू मलाही रोज त्यावर उभं करशील.

हे मी फोनवर बोलले असते. पण मी सुरू केलं की तू "ठेव आता, बाळ उठेल" म्हणतेस. म्हणून लिहिते. वाचताना मध्येच उठून भाजी निवडायला जाऊ नकोस.

एक गोष्ट तुला मी पूर्ण सांगितलेली नाही. मला दूध कमी येत होतं हे खरं, पण पहिल्या दहा दिवसांत ते माझ्या शहाणपणामुळे आणखी कमी झालं. मृणाल दहा आठवडे आधी आलेली, बाराशे ग्रॅमची, काचेच्या पेटीत. तिला ओढून प्यायची ताकद नव्हती, म्हणून पंपाने दूध काढून द्यायचं आणि ते नळीतून तिच्या पोटात जायचं. पाचव्या दिवशी दोन्ही बाजूंचं मिळून आठ मिली आलं. बाटलीच्या बुडाशी जेमतेम दिसेल एवढं. दवाखान्यातल्या दूध काढायच्या खोलीत माझ्या शेजारी मुलुंडची एक मुलगी बसायची, तिच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या. तिच्या मागोमाग जाऊन नर्सच्या हातात ते आठ मिली ठेवायची मला लाज वाटली. आपल्या घरातून कुणाचं भांडं कधी रिकामं परत गेलं नाही. शेजारच्यांची वाटी असली तर तू निदान चमचाभर साखर घालून पाठवायचीस, आणि भाजी थोडीच उरली असेल तर द्यायचीच नाहीस. अर्धवट काय द्यायचं, उद्या जास्त करू, म्हणायचीस. तेच माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी ठरवलं, थोडं साठू द्यावं. तीन तासांऐवजी पाच तास थांबायचं. पहिल्या दिवशी खरंच वीस मिली आलं आणि मी ताठ मानेने नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वेळात बारा आलं. मग नऊ. मग मी आणखी थांबायला लागले.

बाटलीवर बाळाचं नाव, तारीख आणि वेळ लिहून द्यायची असते. वेळ खोटी लिहायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी हात धजला नसता. त्यामुळेच सापडले. दहाव्या दिवशी संघमित्रा सिस्टरांनी, त्या चष्मेवाल्या, माझ्या बाटल्या समोर मांडल्या आणि विचारलं, सात, बारा, सहा, अकरा, मधल्या वेळात काय करतेस गं? मी म्हटलं, साठू देते. त्या म्हणाल्या, ही काय गच्चीवरची टाकी आहे का? छाती भरलेली राहिली की शरीर समजतं, गिऱ्हाईक नाही, आणि दुकान बंद करतं. रिकामी करत राहिलीस तरच पुढचं बनेल. मग मी लाजेचं खरं कारण सांगितलं. त्या हसल्या नाहीत लगेच. आधी माझ्या हातातली बाटली घेतली, मग म्हणाल्या, प्रसादाचा डबा आहे का हा, भरूनच द्यायला? तुझ्या लेकीला एका वेळी बारा मिली लागतं. तू दोन आणलंस तर मी दोन देईन आणि वरचं दूधपेढीतून घेईन, पण ते दोन आण. दूधपेढीतलं म्हणजे कुणा अनोळखी बायकांनी आपल्या बाळाचं भागवून दिलेलं. त्या बायकांची नावं मला कधी कळणार नाहीत. रोज दिवा लावताना त्यांची आठवण काढते, एवढंच.

त्या संध्याकाळी मी तुला फक्त म्हटलं, आई, आता दर तीन तासांनी. तू का म्हणून विचारलं नाहीस. मोबाइलचा गजर तुला लावता येत नव्हता, तर खालच्या सुंदराबाईंकडून लावून घेतलास. गजर होण्याआधीच तू गरम पाण्यात पिळलेला टॉवेल घेऊन दारात उभी असायचीस. अळिवाची खीर असायची, ती मी नाक मुरडत खायचे. सिस्टर म्हणाल्या होत्या की खिरीने दूध वाढतंच असं नाही, पण आई प्रेमाने करते तर खा, पोट तरी भरेल. हे मी तुला सांगितलं नाही, आता सांगते, रागावू नकोस. आणि मृणालचा तो एवढासा पायमोजा बाटलीवर चढवायची कल्पना तुझी. आकडे बघत बसलीस की खांदे कानाला लागतात तुझे, म्हणालीस. खरंच, मोजा चढवल्यावर मी रेघा बघायचं सोडलं. दवाखान्यात तिला तासभर उघड्या छातीवर ठेवायला द्यायचे, आणि त्यानंतर लगेच पंप लावला की सगळ्यात जास्त यायचं. तीन तासांचं सुरू केल्यापासून चौथ्या दिवशी पंधरा आलं. पुढच्या आठवड्यात तीस. मृणाल चोवीस दिवसांची झाली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, आजपासून पेढीचं बंद, लेक तुझ्यावर. मी बाहेर येऊन तुला सांगितलं आणि तू बाकावर बसल्या बसल्या पदर तोंडाला लावलास. मला वाटलं, आनंदाने.

त्या बाकाबद्दलच लिहायचं आहे. रविवारी बाळाच्या आजीला पाच मिनिटं आत सोडायचे. तू एकदाही आली नाहीस. काचेच्या दारापर्यंत यायचीस आणि पाय दुखतात म्हणून परत बाकावर. मला त्याचा राग यायचा. एकदा परत येताना मी रिक्षात बोलून गेले, तुला काय कळणार, तुझ्या वेळी सगळं नऊ महिने भरून झालं, दूध नाही म्हणून रडायची वेळ तुझ्यावर कुठे आली? तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. रिक्षावाल्याला म्हणालीस, हळू चालवा हो, हिचे टाके ओले आहेत. घरी पोचल्यावर टॉवेल वेळेवर आला.

बारशाच्या दिवशी पानं वाढताना विमलामावशी म्हणाली, ताईने हिला मांडीवर घेतलं ते बरं झालं, मला भीती होती. मी विचारलं, कसली? तिला वाटलं होतं मला माहीत आहे. मग सांगावंच लागलं तिला. माझ्या आधी सहा वर्षं, कणकवलीच्या घरी, सातव्या महिन्यात झालेला मुलगा. अकरा दिवस होता. आणि माझी आजी सगळ्यांना सांगायची, हिला दूधच आलं नाही, म्हणून गेला. तीस वर्षं मी स्वतःला तुझी एकुलती एक समजत होते.

त्यानंतर पंधरा दिवस तू माझ्या घरात होतीस आणि मी हा विषय काढला नाही. मृणालला तपासायला नेलं तेव्हा मी सिस्टरांना विचारलं, कुणाचं ते न सांगता. सातव्या महिन्यातलं बाळ, ओढायची ताकद नाही, आणि आईला हाताने पिळून काढ असं कुणीच सांगितलेलं नाही. तिचं दूध राहील का? त्या म्हणाल्या, कुणाचंच राहणार नाही. माझंही राहिलं नसतं. बाळ का गेलं हे त्यांना सांगता येईना. एवढं लहान बाळ त्या काळात गावात जगवणंच कठीण होतं, पण आईच्या दुधावर त्याचं खापर फोडणाऱ्याला काही कळत नव्हतं, म्हणाल्या. आई, मला पंप मिळाला, सिस्टर मिळाल्या, अनोळखी बायका मिळाल्या, आणि दर तीन तासांनी तू मिळालीस. तुला यातलं एकही माणूस मिळालं नाही. तुझं दूध आटलं नव्हतं, ते मागायलाच कुणी आलं नाही. हे तुला सांगायला आणि रिक्षातल्या त्या बोलण्याची माफी मागायला मी हे पत्र लिहिते आहे. आणि एक विचारायला. अकरा दिवसांत तू त्याला काही ना काही हाक मारलीच असशील. मला ती सांग. मृणालला तिच्या मामाचं नाव माहीत असायला हवं.

तुझीच, दुसरी,
प्रांजल