ओसरीवरचा तक्ता आणि देवाचा कौल

॥ श्री देव रवळनाथ प्रसन्न ॥

मार्गशीर्ष, शुक्रवार, जेवणानंतर

तीर्थरूप आक्कास, धाकट्या भिकाजीचा कोपरापासून नमस्कार.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं नाही, धुरात जायचं नाही आणि वाकायचं नाही असं बजावलंय म्हणे. वाचण्याचं ठीक आहे, पण काजूच्या कारखान्याची मालकीण धुरात जाणार नाही आणि वाकणार नाही, हे त्या डॉक्टरांनी कशाच्या आधारावर ठरवलं देव जाणे. थेंब वेळेवर घाल. हे पत्रही स्वतः वाचू नकोस, जवळ असेल त्याच्याकडून वाचून घे. (फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मध्येच हसलीस की माझं पुढचं राहून जातं, आणि यावेळी पुढचंच महत्त्वाचं आहे.) आम्ही सर्व खुशाल आहोत. म्हणजे सुशीला माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडलं तर.

आक्का, आधी एक जुनी गोष्ट कबूल करतो. पंधरा वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याला तुझ्या कारखान्यात, बिया फोडणाऱ्या बायकांच्या देखत, मी तुला म्हणालो होतो की तुझ्या धंद्यात सगळं आहे पण नियोजन नाही. तू हातातलं काम न सोडता विचारलं होतंस, "मगे ह्यो बियो काय आपलेआप फुटतत?" बायका हसल्या, मीही हसलो, आणि बसमध्ये बसल्यावर मनात म्हटलं, हिला शास्त्र कळत नाही. मी एकोणतीस वर्षं कुडाळच्या कॉलेजात हे शास्त्र शिकवलंय. व्यवस्थापनाच्या कार्यांत पहिलं कार्य नियोजन. उद्या काय करायचं ते आज बसून ठरवणं म्हणजे नियोजन. उद्दिष्ट ठरवा, गृहीतकं मांडा, पर्याय शोधा, तोला, निवडा, अमलात आणा, मागोवा घ्या. त्याच नोट्स, पिवळ्या पडेपर्यंत. त्या धड्याच्या शेवटी 'नियोजनाच्या मर्यादा' असा एक भाग असतो. तो मी वर्गात कधीच शिकवला नाही. तोपर्यंत तास संपायचा आणि मी 'हे घरी वाचून घ्या' म्हणायचो. पोरांनी वाचला असेल. मी नाही वाचला.

आता रसिकाचं. तुला ठाऊक आहेच की मुंबईची नोकरी सोडून ती आपल्या जुन्या आंब्याखालच्या जागेत चार खोल्यांचं पाहुणेघर काढतेय. खोल्या झाल्या, रंग झाला, आणि पहिले पाहुणे म्हणून तिने आपल्याच ऑफिसातली अठरा माणसं आणायचं ठरवलं, तिच्या सायबिणीसकट. ही माणसं खूश होऊन गेली तर नाताळापासून मे महिन्यापर्यंत खोल्या रिकाम्या राहायच्या नाहीत, आणि नाखूश गेली तर तिला पुन्हा त्याच ऑफिसच्या दारात उभं राहावं लागेल, इतकं सरळ होतं ते. शेवटचा महिना ती मुंबईतच अडकलेली. फोनवर म्हणाली, "बाबा, हयसरचां सगळां तुझ्यावर." आक्का, मुलीने असं म्हटल्यावर बापाची छाती फुगते. माझी जरा जास्त फुगली.

मी सगळ्या पायऱ्या केल्या. तीन दिवसांचं वेळापत्रक केलं, त्यात न्याहारीच्या आंबोळ्यांपासून सायबिणीच्या दुपारच्या झोपेपर्यंत सगळं बसवलं. मग कुडाळला जाऊन त्याचा दहा फूट बाय सहा फुटांचा रंगीत फ्लेक्स छापून आणला आणि ओसरीवर टांगला. (एवढा मोठा कशाला, असं सुशीलेने विचारलं. नियोजन सर्वांना दिसलं पाहिजे, असं मी म्हणालो. ते सर्वांना दिसलं.) खालच्या चौकटीत गृहीतकं होती: हवा कोरडी राहील, वीज जाणार नाही, सुरमई मिळेल. आणि नवव्या क्रमांकावर, ठळक अक्षरांत: गावपळण यंदा नाही.

आता ही पळण तुला सांगायची गरज नाही, पण तुला वाचून दाखवणाऱ्या माणसासाठी सांगतो. तीन-चार-पाच वर्षांतून एकदा देव कौल देतो आणि अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. मागे चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. कोणत्या वर्षी आणि कोणत्या दिवशी हे देवाला विचारायचं, आणि देव सांगतो तेव्हाच. मी काय केलं, मागच्या पाच पळणींमधल्या वर्षांची सरासरी काढली. साडेचार आली. शेवटची होऊन तीनच वर्षं झालेली. म्हणजे यंदा नाही. देवाची सरासरी काढणारा गावातला मी पहिलाच माणूस असेन. सुशीला म्हणाली, कौल होईपर्यंत थांबा. मी म्हटलं, कौल ही नियोजनाची पायरी नव्हे.

आणि रवळनाथाने यंदाच कौल दिला. दिवस कोणता, तर माझ्या फ्लेक्सवरचा 'दिवस पहिला'. दुपारी चारला नौबत वाजणार आणि गाव उठणार. पाहुणे येणार सकाळी दहाला. हातात उरले दोन दिवस. अठरा माणसांची रेल्वेची तिकिटं झालेली, आता काय रद्द करणार? मी म्हटलं, जे होईल त्याला तोंड द्यायचं.

ते दहाला आले, रसिकाही त्यांच्याबरोबर; पळणीचं तिने वाटेत कुणाला सांगितलं नव्हतं. आंघोळी केल्या, आंबोळ्या खाल्ल्या, आणि सायबीण हातात चहाचा कप घेऊन माझ्या तक्त्यासमोर उभी राहिली. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला, शांतपणे, जशी पूर्वी तपासणीला आलेली माणसं वाचायची. तेवढ्यात नौबतीची वाट न बघताच शेजारचा कायतान दोन्ही काखांत एकेक कोंबडी आणि गळ्यात रेडिओ अडकवून अंगणातून गेला (पळणीला देवळाची माणसं आणि चर्चची माणसं असा भेद नसतो, तुला माहीत आहे), त्याच्यामागे त्याची बायको उशा घेऊन, मग गणपतची म्हैस, मग गणपत. सायबिणीने विचारलं, ही सगळी माणसं कुठे निघाली? मी तिला गावपळण समजावून सांगितली. कॉलेजात शिकवायचो तशी, व्याख्या, वैशिष्ट्यं, महत्त्व. तिने ऐकून घेतलं आणि बोट नवव्या गृहीतकावर ठेवलं. आक्का, एकोणतीस वर्षांत मी किती पोरांच्या पेपरात चुकीच्या उत्तराखाली लाल रेघ मारली असेल, ती सगळी पोरं त्या बोटामागे उभी होती. मला घरात जाऊन पाणी प्यावं लागलं. तक्त्यात चार ते सहा 'गावदर्शन' असं होतं. ते मात्र ठरल्या वेळी झालं. गाव समोरून गेलं आणि त्याच्यामागे बॅगा ओढत आम्ही गेलो.

वेशीबाहेर, व्हाळाचं पाणी ओलांडून पलीकडच्या माळावर आमच्यासाठी माडाच्या झावळ्या विणून केलेल्या चुडतांच्या तीन झोपड्या तयार होत्या. आत चटया, बाहेर तीन दगडांच्या चुली, कायतानकडचे मोठे टोप, तांदूळ, सुकी लाकडं, सगळं. म्हणजे आम्ही ते केलं होतं. सुरमईसुद्धा माळावर पोचली. एका झोपडीला छप्पर कमी पडत होतं, तर गावचे मानकरी भाई ओसरीवरून माझा फ्लेक्स काढून घेऊन आले. "मास्तरानू, ह्यो बरो आसा, दव पडला तरी गळाचो नाय." मी म्हटलं, निदान अक्षरं वर करून टाका. भाई म्हणाले, उन्हाने रंग जाईल. झालं. तीन दिवस मुंबईची माणसं जेवून उताणी पडायची आणि माझं नियोजन वाचायची. दुसऱ्या दिवशी एक पोरगा वरचं वाचून मला विचारायला आला की काका, आता 'खोलीत वातानुकूलित विश्रांती' आहे ना? चेष्टाच करत होता, पण आवाज इतका सभ्य होता की मला उत्तर द्यावं लागलं.

पण आक्का, ती माणसं खूश झाली. संध्याकाळी माळावर दशावतारी मंडळी गाणी म्हणायची, कायतान रेडिओवर बातम्या लावून सगळ्यांना ऐकवायचा, सायबीण गणपतच्या म्हशीजवळ बसून भाकरी थापायला शिकली. चौथ्या दिवशी देवाने परत यायचा कौल दिला, आम्ही घरी आलो, पाहुणे गेले, आणि जाताना नाताळची आगाऊ नोंदणी करून गेले. निघताना सगळ्यांच्या देखत रसिका माझ्याकडे बघून म्हणाली, "दोन दिवसांत ह्यां सगळां कसां केलंस तू, बाबा?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हसलो. सुशीला टोप घासत होती, तिने मान वर केली नाही. तेव्हापासून बोलत नाही.

रसिकाने आता कार्डं छापलीत. त्यावर माझं नाव, आणि खाली 'व्यवस्थापक'. नाताळापासून सगळं तिने माझ्यावर सोपवलंय. तिच्या मते, जो माणूस दोन दिवसांत एवढं निभावतो त्याच्यावर डोळे मिटून विसंबावं. कळावे, लोभ आहेच तो तसाच राहू दे, आणि पुढचं वाचूनही राहिला तर उपकार.

तुझा,
भिकाजी

ता. क. रसिका उद्या वेंगुर्ल्याला येतेय, पाहुण्यांना द्यायला काजूगर हवेत. चांगले निवडून दे. भाचीकडून नफा घेऊ नकोस असं म्हणणार नाही, तुझा धंदा तुला कळतो.

ता. क. २. वर 'दोन दिवस' असं लिहिलंय ते तुला पटलं नसेलच. दोन दिवसांच्या सूचनेवर गाव कधी उठतं काय? कौल सोळा दिवस आधी झाला होता. मी देवळात हजर होतो. गुरवाने कौल लावला, तो दिवस ठरला, आणि भाई म्हणाले, मास्तरांचं अक्षर चांगलं, सूचना त्यांनीच लिहावी. मी लिहिली. देवळाच्या दारावर अजून आहे. लिहून घरी आलो तर ओसरीवर फ्लेक्स, आणि त्यावर नववं गृहीतक. त्याच संध्याकाळी रसिकाचा फोन आला, 'सगळां बरां मा?' मी म्हटलं, तक्त्याप्रमाणे चाललंय. त्या दिवशी सांगितलं असतं तर ती माझी चूक ठरली असती, तिने तारीख पुढे ढकलली असती, बस. आठव्या दिवशी सांगायचं म्हणजे लबाडी कबूल करायची होती. म्हणून नवव्या दिवशीही नाही सांगितलं. पाहुणे मुंबईहून निघायच्या आदल्या दिवशी तिला फोन करून म्हणालो, देवाने अचानक कौल दिला. देवावर ढकललं, आक्का. आणि माळावरचे तीन दिवस मी रसिकाच्या मागेपुढे फिरत होतो ते कामासाठी नव्हे. भाई तिच्याशी बोलायला आले की मी त्यांच्याकडे पान मागायचो. मी पान खात नाही.

ता. क. ३. झोपड्या मी केल्या नाहीत. कौल झाला त्या रात्री जेवताना सुशीलेने मला एकदाच विचारलं, "चेडवाक सांगलात?" मी म्हणालो, हो, रसिकाला कळवलंय. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून चुडतं विणायला बसली. पंधरा दिवस ती विणत होती. मी त्याच ओसरीवर, माझ्या तक्त्याखाली बसून पेपर वाचत होतो, आणि एवढी चुडतं कशाला हे मी तिला विचारलं नाही. टोप तिने मागितले, चुली तिने मांडल्या, सुरमईवालीला माळाची वाट तिने सांगितली. कागदावर एक अक्षर न लिहिता. मागाहून मी तिला विचारलं, तुला कळलं होतं तर तूच का नाही सांगितलंस रसिकाला? तर म्हणाली, "तुमचां तुमी सांगशात म्हणान वाट बघलंय." ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. आणि नंतर पोरगी माझं कौतुक करत होती तेव्हा मी हसलो. मला माझी लाज वाटते, आक्का. चुकीची नाही वाटत एवढी. हसलो त्याची वाटते.

ता. क. ४. खरं काम एवढंच, की रसिकाला चार दिवस तुझ्याकडे ठेवून घे आणि तू बिया कशा विकत घेतेस, किती बायका केव्हा बोलावतेस, अडचण आली तर आधी कोणाला सांगतेस, ते तिला बघू दे. मी शिकवलेलं ती विसरली तर बरं.

आणि रसिका, तू मोठ्याने वाचत असशील आणि इथे तुझा आवाज बसला असेल, तर जरा थांब, पाणी पी. आक्काला महिनाभर वाचायची मनाई आहे हे मला माहीत होतं, आणि तिच्याकडे उद्या तूच असणार हेही. तुझ्या तोंडावर सांगायचं धैर्य मला सोळा दिवसांत झालं नाही, म्हणून पत्र चिकटवून तुझ्याच पिशवीत घातलं. माझं आयुष्यातलं एवढं एकच नियोजन ठरल्याप्रमाणे पार पडलंय. ती कार्डं बदलून घे, आईचं नाव घाल. आता आक्काच्या डोळ्यांत थेंब घाल, आणि घरी येशील तेव्हा आधी आईला हाक मार. मी ओसरीवरच असेन.