चिमूटभर पांढरी पूड

शुक्रवार, ९ डिसेंबर १९८३, नाशिक

आज सुमनचे वडील नामपूरहून तिला न्यायला आले. सटाण्याच्या शाळेत नोकरी ठरवलेली, सोमवारी हजर व्हायचं. माझ्या या भाडेकरू पोरीचं रसायनशास्त्रातलं संशोधन संपलं, असं मी धरूनच चालले होते.

"चार महिने काय केलंस ते तरी दाखव," आबा म्हणाले.

तिनं पिशवीतून काचेची इवलीशी बाटली काढली. तळाशी चिमूटभर पांढरी पूड.

"हाई इतलंच शे?"

"इतकंच, आबा. मागच्या महिन्यात जास्त झाली असती. शेवटी भांड्यात दोन थर होतात, वर एक, खाली एक. मी हवा तोच थर मोरीत ओतून दिला. मग सगळं पहिल्यापासून केलं."

अगं वेडे, हे आजच सांगायचं होतं? माझा चहा उतू गेला.

आबांनी बाटली खिडकीशी धरली. "बाजारात मिळत नाही?"

"कुठंच नाही. मी करेपर्यंत ही नव्हतीच."

त्यांनी बाटली दोन्ही हातांनी जपून तिला परत दिली. मग मला म्हणाले, "ताई, शाळेला दुसरी बाई मिळेल. हिची खोली राहू द्या."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्याकडून मूलद्रव्यांची नावं पाठ करून घेत. मी कधी चुकले नाही. पण त्यांतून नवं काही घडवता येतं का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. हेवा वाटला का? वाटला, थोडा. आबा गेल्यावर मी तिला जवळ घेतलं. ॲसिडनं भोकं पडलेल्या ओढणीत तोंड लपवून ती रडत होती.