पंचाचं पातेलं आणि माझे तीन आजार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (सकाळपासून ओट्यापाशी उभा राहून पाठ धरली आहे, त्यामुळे तूर्त मनातल्या मनात घातलाय.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. पत्र शेजारच्या घड्याळजींच्या हाती पाठवतोय. ते आत्ताच शुद्धीवर आलेत आणि नळाखाली डोकं धरून उभे आहेत. दोन गल्ल्या चालतील असं दिसतंय. फोनच करणार होतो, पण फोनवर मी ‘सगळं मजेत’ म्हणून मोकळा होतो, हे तुला ठाऊक आहे.

आज लेकीचे होणारे सासू-सासरे आणि मुलाची आजी जेवायला यायचे होते. बायको म्हणाली, लिंबाचं सरबत करू. पण सरळ सुचेल तर तो मी कसला! मी म्हटलं, त्यांच्या घरी पाहुण्यांना वाईन देतात. आपण सरबत पुढे केलं तर विचारतील, असं का? आणि ते ‘का’ कळलं तर पोरीचं लग्न मोडेल. थोडक्यात, मी दारुडा होतो हे लपवायला मीच घरात दारू आणली. (हस. चौदा महिन्यांपूर्वी मला दवाखान्याच्या दारात सोडून तू मागे वळून न बघता गेलीस, तुला हसायचा हक्क आहे.) पंच करायचा ठरवला. पंच म्हणजे फार काही नाही गं. लाल वाईन, त्यात संत्री, सफरचंद, अननसाचे तुकडे, साखर, दालचिनीचा तुकडा. सकाळी सातलाच भिजत घालायचं आणि वाढताना वरून सोडा.

घोडं अडलं ते चवीपाशी. मी तर चाखायची नाही. वासही नको म्हणून बायकोनं माझ्या नाकावर रुमाल आवळून बांधला, इतका की कान लाल झाले. मग घड्याळजींना बोलावलं. चाळीस वर्षं बारीक चाकं जुळवलेला माणूस, काटेकोर. पहिल्या चमच्याला म्हणाले, साखर कमी. दुसऱ्याला, साखर जास्त झाली, वाईन घाला. मग वाईन जास्त म्हणून साखर, साखर जास्त म्हणून पुन्हा वाईन. अकराव्या खेपेला चमच्याचा ग्लास झाला होता, दोन बाटल्यांच्या पाच झाल्या होत्या आणि घड्याळजी पाहुण्यांच्या सोफ्यावर तोंड उघडं टाकून घोरत होते. आम्ही तिघांनी त्यांना चादरीसकट ओढत आतल्या खोलीत नेलं.

पाहुणे आले. माणसं चांगली आहेत, हे आधीच सांगतो. सासऱ्यांनी विचारलं, तुम्ही नाही घेत? मी म्हटलं, मधुमेह. (हातात केकचा दुसरा तुकडा.) तेवढ्यात स्वयंपाकघरात बायकोनं लेकीच्या सासूबाईंना सांगितलं, ह्यांना रक्तदाब आहे. आणि लेकीनं आजीला सांगितलं, बाबांची दाढ दुखतेय. आजी थेंबाला शिवत नाहीत. पण फळं चालतात म्हणाल्या आणि वाटीत नुसती फळं घेऊन बसल्या. ती फळं सकाळी सातपासून पीत होती, हे सांगायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तिसरी वाटी संपली आणि आजींनी चमचा खाली ठेवला. खणखणीत आवाजात म्हणाल्या, “एका माणसाला तीन आजार, आणि तिन्ही खोटे. आमच्या ह्यांनाही असेच व्हायचे.” मग माझं मनगट धरून विचारलं, “किती झाले?”

मी म्हटलं, चौदा महिने.

“ह्यांचे अकरा झाले होते. मग एका लग्नाला गेले.”

सासऱ्यांनी ग्लास हळूच टेबलावर ठेवला. कुणी चिडलं नाही, आवाज चढवला नाही; ‘कळवतो’ म्हणाले आणि उठले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लेक त्यांना सोडायला खाली गेली ती वर आलीच नाही. बायको तिला शोधायला गेलीय. जाताना दोघींपैकी एकीनंही माझ्याकडे बघितलं नाही.

असो. उरलेला पंच मोरीत ओतला, पातेलं घासून उपडं घातलं. काळजी नसावी. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. लेक तुझ्याकडे आली असेल तर तिला बोलू नकोस. आधी काहीतरी खायला घाल, सकाळपासून उपाशी आहे.

ता. क. २. पंच ओतलेला नाही. दोनदा उचलला, दोनदा खाली ठेवला. घड्याळजींना ओता म्हणायची सोय नाही, ते ग्लास शोधतील. पातेल्यावर झाकण आहे आणि झाकणावर कागद ठेवून हे लिहितोय, म्हणजे लिहिणं चालू आहे तोवर झाकण उघडता येत नाही. म्हणून तर एवढं लांबलं. पाहुणे गेल्यावर पुन्हा बांधलेला रुमाल मघाशीच सुटलाय. ताई, आता कागदावर जागा उरली नाही. गुडघा दुखत असला तरी ये.